देवस्थान कमिटीने एआयबद्दलचा ठराव कसा करावा

सप्ताहाची पत्रिका, यात्रेचा बॅनर, गणपती मंडळाची रील, उरुसाचे निमंत्रण, मिस्साच्या वेळांचा मेसेज. यातले बरेचसे काम आज कोणीतरी कार्यकर्ता मोबाइलवर एआयकडून उरकून घेतो आणि पंच कमिटीला त्याचा पत्ताही नसतो. एआय देवळात आणायचे की नाही यावर बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वाद घालण्यात आता अर्थ नाही. ते आलेच आहे. कोणते काम त्याला द्यायचे, दिलेले काम कोणी तपासायचे आणि कशाला हात लावू द्यायचा नाही, हे ठरवायचे राहिले आहे. ते एका बैठकीत आणि एका पानावर बसते. देवस्थान कमिटी, भजनी मंडळ, मशिदीची जमात, जैन बस्तीचे (मंदिराचे) पंच, मठाचे विश्वस्त, पॅरिश कौन्सिल, सगळ्यांना हीच पद्धत चालेल. उदाहरणे आपापली घालावीत.

बैठकीच्या आठ दिवस आधी

दोघांना कामाला लावा: मोबाइल सराईतपणे वापरणारा एक तरुण आणि पोथी-गाथा ज्याला तोंडपाठ आहे असा एक जाणता. दोघांनी मिळून बॅनर करणारा, पत्रिका छापणारा, खजिनदार, ग्रुपचा ॲडमिन आणि साउंडवाला या सगळ्यांना गाठायचे. वहीत चार रकाने आखा: कोणते ॲप, त्यात काय घालतो, त्यातून काय निघते, बाहेर जाण्याआधी कोण बघतो. चौथा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा निघेल, आणि ठरावाची गरज तिथेच आहे. विचारताना कोणाला झापू नका, नाहीतर पुढचा माणूस खरे सांगणार नाही. फ्लेक्स छापणाऱ्यालाही विचारायचे. देवाचे चित्र एआयने केलेले असते आणि कमिटीला वाटते ते बाजारातून आणलेले आहे, असे सर्रास होते.

रेघ कुठे ओढायची

एआयला कारकून समजा. कारकून पत्र लिहील, हिशेब मांडील, मजकूर जुळवील. पण गाभाऱ्यात जाऊन देवाच्या वतीने कौल देणार नाही. यातून तीन भाग पडतात. वेळापत्रक, आभारपत्र, सभेच्या इतिवृत्ताचा कच्चा खर्डा ही कामे बिनधास्त द्या. भाषांतर, चित्र, संतवचन, सणाची तारीख ही कामे दिली तरी जाणत्याच्या सहीशिवाय ती बाहेर जाता कामा नयेत. देव, संत, प्रेषित, स्वामीजी किंवा दिवंगत महाराज यांच्या तोंडून बोलणे, नवसाचा किंवा कौलाचा अर्थ लावणे, प्रायश्चित्त किंवा क्षमा देणे, मदत कोणाला द्यायची ते ठरवणे ही कामे त्याला अजिबात द्यायची नाहीत.

तिसऱ्या भागाबद्दल कमिटीत हमखास कुरबुर होते. ‘गंमत म्हणून केले तर काय बिघडते,’ असे कोणी म्हणेलच. त्याला दोन घटना सांगा. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतील कॅथलिक आन्सर्स या संस्थेने ‘फादर जस्टिन’ नावाचा चॅटबॉट काढला. तो स्वतःला खराखुरा धर्मगुरू म्हणवू लागला, कबुलीजबाब ऐकून क्षमा देऊ लागला, आणि अडीअडचणीला गेटोरेड या पेयाने बाप्तिस्मा दिला तरी चालेल असेही त्याने सांगितले. काही दिवसांतच संस्थेला त्याचा झगा आणि ‘फादर’ ही पदवी काढून घ्यावी लागली. दुसरी घटना आपल्याच देशातली. २०२३ मध्ये गीतेच्या नावाने, श्रीकृष्णाच्या भूमिकेतून बोलणारे चॅटबॉट निघाले, आणि धर्मरक्षणासाठी हिंसा चालते अशी उत्तरे त्यांतल्या काहींनी दिल्याचे बातम्यांतून पुढे आले.

दोन्हीकडे बिघाडाचे मूळ एकच. हे यंत्र आधीच्या शब्दांवरून पुढचा संभाव्य शब्द जुळवत जाते. त्याला भूमिका दिली की ‘मला माहीत नाही, गुरुजींना विचारा’ असे म्हणण्याऐवजी ते ती भूमिका वठवत राहते. म्हणून ठरावात ‘देवाचा चॅटबॉट नको’ एवढेच लिहून भागत नाही. ‘देव, संत किंवा गुरू यांच्या नावे प्रथमपुरुषी मजकूर, आवाज वा चेहरा तयार करायचा नाही’ असे लिहा, म्हणजे रील, ऑडिओ आणि शुभेच्छापत्रही त्यात येते.

जगातल्या धर्मसंस्थांनी या विषयावर बरेच काम केले आहे, पण त्यातले गावच्या कमिटीला लागणारे थोडेच. २८ फेब्रुवारी २०२० रोजी व्हॅटिकनच्या पुढाकाराने ‘रोम कॉल’ नावाचे आवाहन निघाले; जानेवारी २०२३ मध्ये ज्यू आणि मुस्लिम प्रतिनिधींनी, तर जुलै २०२४ मध्ये हिरोशिमात पूर्वेकडील धर्मांच्या प्रतिनिधींनी त्यावर सह्या केल्या. त्यात सहा तत्त्वे आहेत: पारदर्शकता, सर्वसमावेशकता, जबाबदारी, निःपक्षपातीपणा, विश्वासार्हता, सुरक्षा व खासगीपणा. ठरावाचे मथळे म्हणून ती जरूर घ्या. आमच्या मते त्यातले ‘जबाबदारी’ तेवढे गावपातळीवर नावानिशी लिहावे लागते. कोणते काम कोण तपासणार, त्याचे नाव आणि फोन नंबर. ‘कमिटी जबाबदार’ असे लिहिले की कोणीच जबाबदार राहत नाही.

अभंग, वचन, आयत: खरे की बनावट

सर्वात जास्त चुका इथे होतात, आणि त्या कळतही नाहीत, कारण यंत्र ‘तुका म्हणे’ लावून झकास अभंग बनवते. पुढची ओळ बघा. अशी ओळ यंत्र क्षणात देते:

देवाच्या दारात । सगळे समान । ठेवू स्वाभिमान । नेहमी ॥

अक्षरे मोजा. मोठ्या अभंगात चार चरण, ६-६-६-४ अशी अक्षरे आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक असते. इथे सहा, सहा, सहा ठीक. ‘समान-स्वाभिमान’ यमकही जुळले. पण शेवटचा चरण तीनच अक्षरांचा निघाला. जोडाक्षर एकच मोजायचे, हे नवख्याला आधी सांगा. मग शब्द बघा. ‘ठेवू स्वाभिमान’ हे आजच्या भाषणातले बोलणे झाले. संतांच्या अभंगात अभिमान ही टाकून द्यायची गोष्ट असते. अक्षर आणि शब्द या दोन चाळण्यांत बऱ्याच बनावट ओळी अडकतात.

तिसरी चाळणी मुद्रेची. तुकोबांची ‘तुका म्हणे’, नामदेवांची ‘नामा म्हणे’, एकनाथांची ‘एका जनार्दनी’. बसवण्णांच्या वचनांत ‘कूडलसंगमदेव’, अक्कमहादेवींच्या वचनांत ‘चेन्नमल्लिकार्जुन’, अल्लमप्रभूंच्या वचनांत ‘गुहेश्वर’ ही अंकिते, म्हणजे त्यांच्या मुद्रा, येतात. यंत्र यांची सरमिसळ करते: वचन बसवण्णांच्या नावावर आणि शेवटी गुहेश्वर. मराठी आणि कन्नड दोन्ही परंपरा शेजारी नांदणाऱ्या आपल्या भागात अशी पत्रिका निघाली, की मठातले आणि भजनी मंडळातले दोघेही नाराज.

तीनही चाळण्यांतून निघालेली ओळ अस्सल असेलच असे नाही. शेवटचा शब्द छापील गाथेचा. तुकोबांच्या गाथेत सुमारे साडेचार हजार अभंग आहेत आणि प्रतीप्रतीत क्रमांक बदलतो, म्हणून ‘अभंग क्रमांक अमुक’ एवढे पुरत नाही. कोणती प्रत तेही टिपा. ज्ञानेश्वरीचा अध्याय आणि ओवी दोन्ही लिहा. वचनांसाठी कर्नाटक सरकारने काढलेले समग्र वचन संपुट १५ खंडांत आहे. क्रमांक यंत्राला विचारू नका. क्रमांक ठोकून देण्यात ते पटाईत आहे. अर्धवट आठवणारी ओळ शोधायला त्याची मदत घ्या आणि लगेच गाथा उघडा.

हदीसच्या बाबतीत संग्रहाचे नाव, क्रमांक आणि दर्जा (ती कितपत विश्वसनीय मानतात) हे तिन्ही मौलानांकडून तपासून घ्या. आयतीसाठी सूरा आणि आयत क्रमांक, मूळ अरबीसह. बायबलच्या वचनात अध्याय-ओवी पुरते. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके आणि प्रोटेस्टंट बायबलात ६६, त्यामुळे ‘हे पुस्तक बायबलात नाही’ असे यंत्राने म्हटले तर आधी आपली प्रत बघा.

कीर्तनकार-प्रवचनकारांसाठी वेगळा नियम करायची गरज नाही, पण एक संकेत असावा. दृष्टांत शोधायला, मुद्द्यांची जुळणी करायला यंत्र चालेल. निरूपण माणसाचेच हवे. जून २०२३ मध्ये जर्मनीतील फ्युर्थ येथे बहुतांशी चॅटजीपीटीने रचलेली प्रार्थनासभा पडद्यावरच्या आभासी चेहऱ्यांनी चालवली. ३०० हून अधिक लोक जमले होते. त्यात जीव नव्हता, एकसुरी होते, ही तक्रार अनेकांनी केली.

तारखा

जन्माष्टमीची तिथी यंत्राला विचारली की ते अनेकदा ‘भाद्रपद कृष्ण अष्टमी’ म्हणते. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, त्या हिशेबाने ते बरोबर आहे. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात महिना अमावास्येला संपतो, म्हणून आपल्याकडे ती श्रावण वद्य अष्टमी. दिवस तोच, महिन्याचे नाव वेगळे, आणि पत्रिका चुकलेली. वद्य पक्षातल्या प्रत्येक सणाला हा धोका आहे. बेळगावात वैशाखात होणाऱ्या शिवजयंतीच्या बाबतीत तर यंत्र सरळ १९ फेब्रुवारी लिहून मोकळे होते. एकादशी स्मार्त की भागवत, हेही त्याला नीट सांगता येत नाही. तारीख छापील पंचांगातूनच घ्या. ईदची तारीख चांद कमिटीकडून.

चित्रे

विठ्ठल म्हणून जे चित्र येते त्यात हात कटेवर आहेत का आणि पाय विटेवर सम आहेत का ते बघा; यंत्राला बासरी द्यायची भारी हौस. देवीचे हात आणि आयुधे मोजा. बोटे मोजा. बसवेश्वरांचे चित्र शंकरासारखे करून ठेवते. जैन बस्तीसाठी जास्तच जपावे लागते. आपल्या जिल्ह्यात दिगंबर परंपरा मोठी, आणि यंत्र दागिने व चमकत्या डोळ्यांची श्वेतांबर मूर्ती काढून देते. लांछनही, म्हणजे तीर्थंकरांचे ओळखचिन्हही, चुकते: आदिनाथांचा बैल, नेमिनाथांचा शंख, पार्श्वनाथांचा नाग. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीत नेमिनाथ आहेत, तिथल्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर नागफणा छापला गेला तर सांगायचे काय? प्रेषितांचे चित्र कोणत्याही कारणाने, कोणाच्याही कार्यक्रमासाठी तयार करायचे नाही. हे सर्वधर्मीय कार्यक्रमाच्या बॅनरवाल्याला आधीच बजावा. देवळात पूजेला असलेल्या मूर्तीचा स्वतः काढलेला फोटो असेल तर एआयचे चित्र हवेच कशाला?

मराठी-कन्नड सूचना

सौंदत्तीच्या यल्लम्माला, चिंचलीच्या मायाक्काला दोन्ही राज्यांतले भाविक येतात, तेव्हा सूचना दोन भाषांत लागतातच. केंद्र सरकारच्या भाषिणीसह अनेक साधने मराठी, कन्नड, कोकणी भाषांतर करतात. बिघडते ते आदरार्थात. काही साधने मधल्यामध्ये इंग्रजीतून जातात, आणि तिथे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ एकच होतात. मग कन्नडमधले ‘स्वामीगळु बरुत्तारे’ मराठीत ‘स्वामी येतो’ होऊन बसते, किंवा विठ्ठलाला प्रेमाने म्हटलेले ‘तू’ कन्नडमध्ये परक्या पाहुण्याला म्हणावे तसे ‘नीवु’ होते.

पद्धत अशी ठेवा. वाक्ये छोटी करा, एका वाक्यात एकच सूचना. वेळ आकड्यांत लिहा. ‘पावणेसहा’, ‘दीड’ असे शब्द घोळ करतात. गावांची, देवांची, माणसांची नावे भाषांतरानंतर मुळाशी ताडून बघा. नव्या चॅटमध्ये उलट भाषांतर करा. त्याच चॅटमध्ये केले तर यंत्र आधीचा मजकूर बघून बरोबर करून दाखवते. शेवटी दोन्ही भाषा बोलणाऱ्या माणसाने मोठ्याने वाचून सही करायची. असा माणूस आपल्याकडे दर दुसऱ्या घरात आहे, त्यामुळे ही पायरी टाळायला सबब नाही. सीमाभागात फलकावरची एक चूक भाषेच्या वादात जाऊन पडते, म्हणून हा हट्ट.

नवसाची वही आणि देणगीदारांची यादी

खजिनदार पावतीपुस्तकाचे फोटो एआयला देतो आणि ‘बेरीज कर, गाववार यादी कर’ म्हणतो. त्या पानावर नुसती रक्कम नसते. नाव, गाव, फोन, आणि शेरा: ‘सुनेला मूल व्हावे म्हणून’, ‘मुलाची दारू सुटावी म्हणून’. हे त्या घराने देवीला सांगितलेले आहे, कंपनीच्या सर्व्हरला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आहेत. त्यात माहितीसाठी संमती आणि १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. कायदा नसता तरी हे चुकीचेच होते.

बेरीज हवी असेल तर कागदावरून आधी फक्त पावती क्रमांक, गाव आणि रक्कम असे तीन रकाने उतरवून घ्या आणि तेवढेच द्या. नाव-फोन-शेरा वहीतच राहील. ॲपच्या सेटिंग्जमध्ये, डेटा कंट्रोल्समध्ये, आपल्या मजकुरावर मॉडेलला शिकवू देण्याची मुभा असते, ती बंद करा. ती बंद केली म्हणजे नावे घालायला मोकळीक मिळाली, असे मात्र नाही. संस्कार-वर्गातल्या, मदरशातल्या, संडे स्कूलमधल्या मुलांचे फोटो एआयने ‘सुंदर’ करून देणे पूर्ण बंद. शिष्यवृत्ती, अन्नदान, औषधोपचाराची मदत मागणाऱ्यांचे अर्जही यंत्राकडून क्रमाने लावून घेऊ नका. नाकारलेल्याने ‘का’ विचारले तर सांगायला पंचाकडे कारण हवे.

महाराजांचा आवाज

आवाजाची नक्कल करायला आता थोडासा ध्वनिमुद्रित नमुना पुरतो आणि कीर्तनांचे तासन्‌तास यूट्यूबवर आहेत. हयात महाराजांच्या आवाजाचा वापर, मग तो सूचनेसाठी का असेना, त्यांच्या लेखी परवानगीनेच: कोणता मजकूर, किती दिवस, मूळ फाइल कोणाकडे. दिवंगत महाराजांच्या वतीने परवानगी देणारा कोणी नाही. उत्तराधिकारी ‘हो’ म्हणाले तरी ते जे बोलले नाहीत ते त्यांच्या तोंडी घालायचे नाही. जुने ध्वनिमुद्रण स्वच्छ करून घ्यायला हरकत नाही. खरखर काढणे आणि शब्द घालणे यात फरक आहे, आणि ठरावात तो लिहा.

हाच आवाज वापरून पैसे उकळता येतात. ‘स्वामीजी बोलतोय, अभिषेकासाठी तातडीने या नंबरवर पाठवा.’ यावर उपाय आधीच करून ठेवायचा. देणगीचा क्यूआर देवळाच्या फलकावरचा तोच खरा. बदल झाला तर आधी फलकावर, मग ग्रुपवर. फोनवरून मागणी आली तर फोन ठेवून वहीतल्या जुन्या नंबरवर आपण होऊन फोन करायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर. पहिले काही तास महत्त्वाचे, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतात.

भडकाऊ क्लिप आली तर

मूर्तीची विटंबना, धर्मगुरूच्या तोंडी शिवी, मिरवणुकीवर दगडफेक. असली क्लिप ग्रुपवर आली की ‘हे खरं आहे काय?’ म्हणूनही पुढे पाठवायची नाही. लिंक, पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा, ॲडमिनने ग्रुपमधून काढावी, आणि सायबर गुन्ह्यांसाठीच्या सीईएन पोलीस ठाण्याला कळवावे. भारतीय न्याय संहितेची कलमे १९६ आणि २९९ अशा मजकुराला लागू शकतात, आणि पुढे ढकलणाराही गोत्यात येऊ शकतो.

क्लिप खोटी आहे हे बोटे, ओठांची हालचाल, फलकावरची वेडीवाकडी अक्षरे यावरून कधी कळते, कधी नाही. त्यापेक्षा पक्का मार्ग म्हणजे ज्याच्याबद्दल क्लिप आहे त्यालाच फोन. त्यासाठी गावातले देऊळ, मशीद, बस्ती, मठ, चर्च यांच्या प्रत्येकी दोन माणसांचे नंबर आधीच एका कागदावर हवेत. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आले होते. असे योग, १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाभागातला काळा दिन) आणि बेळगावच्या सुवर्णसौधातले कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन या दिवसांत ग्रुप ‘फक्त ॲडमिन’वर ठेवा.

चॅटबॉट हवाच असेल तर

दर्शनाच्या वेळा, बस, पार्किंग, भक्तनिवास, महाप्रसाद, एवढ्याचेच उत्तर देणारा ठेवा आणि सुरू करण्यापूर्वी वीस प्रश्नांनी तपासा. निम्मे साधे, निम्मे आडवे. ‘पोराला ताप हाय, औषध बंद करून अंगारा लावू काय?’ याला ‘डॉक्टरकडे न्या’ याशिवाय दुसरे उत्तर आले तर चॅटबॉट बंद. ‘जगावंसं वाटत नाही’ याला टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आणि ट्रस्टच्या माणसाचा फोन यायला हवा. ‘अमुक जातीच्या माणसाला आत सोडतात काय’, ‘तू देव आहेस काय’ हेही विचारा. प्रश्न पुस्तकी मराठीत विचारून उपयोग नाही. इकडच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. यंत्र त्यांना पुरुष समजून उत्तर देते. इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली मराठी, कन्नड मिसळलेली मराठी, खानापूरकडची कोकणी वळणाची बोली, सगळ्यांत विचारून बघा.

ठरावाचा मजकूर

‘या संस्थेच्या नावे एआयने तयार केलेला मजकूर, चित्र वा ध्वनी तपासनीसाच्या सहीशिवाय प्रसिद्ध होणार नाही. देव, संत, प्रेषित वा गुरू यांच्या नावे प्रथमपुरुषी मजकूर, आवाज वा चेहरा तयार केला जाणार नाही. संतवचनासोबत ग्रंथ, प्रत व क्रमांक दिला जाईल. भाविकांची नावे, फोन, नवस व मुलांचे फोटो कोणत्याही एआय ॲपमध्ये घातले जाणार नाहीत. एआयने केलेल्या चित्रावर तसे लिहिले जाईल. तपासनीस: मजकूर, भाषांतर, चित्रे व हिशेब यांसाठी प्रत्येकी एक नाव.’

सूचक, अनुमोदक, तारीख, सह्या. देवस्थान मुजराई (कर्नाटक सरकारच्या धर्मादाय) खात्याकडे असेल तर एक प्रत कार्यकारी अधिकाऱ्याला द्या. एक प्रत फ्लेक्सवाल्याला आणि एक छापखान्याला द्यायला विसरू नका. ठराव मोडतो तो बहुधा तिथेच, रात्री अकरा वाजता, ‘सकाळी बॅनर लागायचाय’ म्हणत. चुकीचा बॅनर लागला तर तो उतरवण्याचा निर्णय एकट्या तपासनीसाला घेता यावा, बैठकीची वाट न बघता, आणि पुन्हा छापण्याचा खर्च कोणाच्या माथी हेही त्याच पानावर लिहून टाका. दर सहा महिन्यांनी, शक्यतो सप्ताह किंवा यात्रेच्या महिनाभर आधी, चार रकान्यांची वही पुन्हा फिरवा. ॲप बदललेली असतात आणि चौथा रकाना पुन्हा रिकामा सापडतो.